मागच्या खोलीतला गुंता

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मी ती बनवली असं म्हणू नका. जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी वहिनी आहे. आणि शेवटी जे सांगणार आहे, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

साल २००७. दिवाळी नुकतीच सरली होती. मुरबाडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत एक बंगला आहे. त्या बंगल्याची मागची खोली.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

म्हणून मला आजही दुपारच्या वेळी घरात एकटीला बसवत नाही…

आमचं घर सापगावला, शहापूरजवळ. माझा भाऊ शाम वाशिंदच्या एका कारखान्यात होता. त्याचं लग्न झालं आणि मीनावहिनी कल्याणहून आमच्याकडे आली. लग्नाआधी ती तिकडे जनावरांच्या एका डॉक्टरांकडे कामाला होती. तिथंच तिनं एक वेगळंच काम शिकून घेतलं. ती चपट्या नाकाची, लांब केसांची मांजरं असतात ना, त्यांचं सगळं करायचं. केस विंचरायचे, गुंता सोडवायचा, नखं कापायची, कान पुसायचे, आंघोळ घालायची. मांजराला दवाखान्यात नेलं की ते बिथरतं. म्हणून डॉक्टर वहिनीलाच लोकांच्या घरी पाठवायचे. वाशिंद, आसनगावला नव्या सोसायट्या झाल्या होत्या. मुरबाड रोडला शेठलोकांचे बंगले उठले होते. तिला काम मिळत होतं.

पण गावात सांगायचं काय?

साळवींची सून मांजरांना आंघोळ घालायला जाते… अख्ख्या आळीनं हसून जीव सोडला असता.

म्हणून वहिनीनं सांगून टाकलं, की ती घरपोच पार्लरचं काम करते. बायकांचे केस, भुवया वगैरे. आई भोळी. ती अभिमानानं सगळीकडे सांगायची, "आमची मीना शेठनींच्या घरी जातं. त्यांचं केस करतं."

खरं फक्त शामदादाला आणि मला ठाऊक होतं. हातावरचे ओरखडे पाहून आई विचारायची, तर वहिनी म्हणायची, "गरम मशीन लागलं, आई." शेजारच्या हिरीकाकूनं लेकीच्या साखरपुड्याला तिला केस करायला बोलावलं, तर त्या दिवशी तिला खोटा ताप आला. तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिली. मी काढा घेऊन गेले, तर डोळ्यांत पाणी.

"काजल, मी चोरी करते का गो?" तिनं मला विचारलं. "मग मला इतकी लाज का वाटते?"

मी काढ्याचा पेला तिच्या हातात दिला.

त्या मुरबाडच्या बंगल्यात ती पहिल्यांदा गेली ते दसऱ्याच्या आसपास. किन्हवलीच्या बाजूनं जाणारी एस.टी. पकडायची, मग थोडं पायी. घरमालक भगीरथशेठ. खडीच्या क्रशरचा धंदा. बायको हेतल. मांजरीचं नाव चिनू. पिवळसर तपकिरी रंगाची, भरगच्च शेपटीची, भलतीच मिजासखोर.

हेतलनं वहिनीला मागच्या बाजूनं आत घेतलं. मागे धुण्याची पडवी होती. नळ, बादली, उन्हाची तिरीप. मांजराला आंघोळ घालायची म्हणून जागा तिथंच दिली. गरम पाणी आणून ठेवलं आणि हेतल वर झोपायला गेली.

पडवीला लागून एक खोली होती. दार बंद. कडी बाहेरून घातलेली.

वहिनीनं तिकडे लक्ष दिलं नाही. चिनूच्या काखेत गुंते झाले होते. ती एकेक सोडवत होती. मांजर आधी गुरगुरलं, मग तिच्या मांडीवर सैल पडलं.

तेवढ्यात…

खळ्ळ.

बांगडीचा आवाज. बंद दाराच्या आतून.

मग काहीतरी फरशीवरून सरकत आल्यासारखं. थांबत, थांबत. आणि दाराच्या अगदी खालच्या फटीपाशी आवाज आला.

"कोन गो ती?"

म्हाताऱ्या बाईचा आवाज. वहिनी दचकली. पण दिवसाढवळ्या, भरल्या घरात घाबरायचं कशाला? घरातली आजी असणार. तरी सवयीनं तिच्या तोंडून तेच निघालं, जे ती गावात सगळ्यांना सांगायची.

"पार्लरवाली, आजी."

"केस करतंस?"

"हो."

मग आवाज आणखी बारीक झाला.

"माजं पन डोकं इंचर गो. लय गुंता झालाय. हात पोचत नाय मागं."

वहिनीचे हात थांबले. मांडीवर ओलं मांजर. समोर बाहेरून घातलेली कडी. परक्याचं घर. कडी काढली आणि हेतल खाली आली तर? आणि आत गेली, आजीनं पाहिलं की ही तर मांजराचा कंगवा घेऊन आलीय, तर?

"आज नाय जमायचं आजी," ती म्हणाली. "पुढच्या टायमाला येईन ना, तेव्हा नक्की करीन."

"नक्की ना?"

"नक्की."

ते सरकणं परत मागे गेलं. थांबत, थांबत. बांगडी एकदा वाजली, आणि सगळं गप्प झालं.

हेतल खाली आली तेव्हा तिनं विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाय," वहिनी म्हणाली. "मांजराशी."

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या वहिनीनं मला हे सगळं सांगितलं. तेव्हाच. म्हणजे पुढचं काहीही व्हायच्या आधी. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर बरेच जण म्हणाले की तिला भास झाला. भास आधी होत नाही. आणि दसऱ्याला ती आजी जिवंत होती…

जिवंत होती आणि केस विंचरून मागत होती.

वहिनीला जेवण गेलं नाही. "मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, केस करते म्हणून. आणि म्हातारीनं मागितल्यावर नाही म्हटलं. मांजराचं करत बसले आणि माणसाला नाही म्हटलं गो मी."

"पुढच्या वेळी कर ना," मी म्हटलं. "हेतलला विचार आणि कर."

दिवाळीनंतर तिला परत बोलावणं आलं.

आमच्याकडे भातकापणी चालू होती. उन्हं तापलेली. दुपारी लोडशेडिंग. वहिनी बंगल्यावर पोचली तेव्हा लाईट नव्हती. सगळीकडे शुकशुकाट. क्रशरची घरघर नाही, टीव्ही नाही, पंखे नाहीत.

हेतलनं मागचंच दार उघडलं. केस पिंजारलेले, तोंड उतरलेलं. "लवकर आटप," एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. वहिनी तिला आजीचं विचारणार होती. जिन्यावर तिची पावलं वाजली, तोवर ओठांवरचं ओठांवरच राहिलं.

पुढच्या दिवाणखान्यात वहिनी कधीच गेली नव्हती. गेली असती तर भिंतीवर तिला काय दिसलं असतं, ते नंतर कळलं.

चिनू त्या दिवशी हाती लागेना. पडवीत आली, आणि एकदम तिचं अंग फुललं. उडी मारून ती पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली. डोळे त्या खोलीच्या दाराकडे.

वहिनीनं वळून पाहिलं.

कडी काढलेली होती…

दार नुसतं लोटलेलं.

तिला वाटलं, बरं झालं. आजीला मोकळं ठेवतात आता.

"आलीस गो?"

तोच आवाज. पण या वेळी दाराखालून नाही. खोलीच्या आतून, स्वच्छ.

वहिनी मला म्हणाली, त्या क्षणी तिला भीती वाटली नाही. लाज वाटली. इतके दिवस कुणी आपली वाट बघत बसलंय, या विचारानं ती कानापर्यंत लाल झाली. तिनं पिशवी उचलली आणि आत गेली.

खोलीत अंधार होता. खिडकी बंद. भिंतीला लावलेली एक खाट, तिच्यावर गादी नाही. आणि खाटेपुढे फरशीवर आजी बसलेली. दाराकडे पाठ करून. पांढरं लुगडं. केस मोकळे, कंबरेच्या खालपर्यंत.

केस कसले… मागचा सगळा भाग एक झाला होता. गोणपाटासारखा. आडवं पडून पडून, घासून घासून, केसांचा नुसता जाड थर झालेला.

वहिनीनं मांजरांचे वाईटात वाईट गुंते पाहिले होते. असा कधीच नव्हता पाहिला.

"आजी, किती दिवस झाले हो विंचरून?"

"पोर लय कामात असतं," आजी म्हणाली. "सुनंला टाइम नाय."

वहिनी मागे बसली. मांजराच्या गुंत्यावर ती मक्याचं पीठ भुरभुरायची, त्यानं केस सुटे होतात. तेच काढलं आणि मुठीमुठीनं त्या केसांवर टाकलं. मग टोकापासून सुरुवात केली. मुळाशी बोटांनी धरून ठेवायचं, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. हळूहळू वर जायचं.

खर्र… खर्र… स्टीलचा कंगवा चालू लागला.

आजी शांत बसली होती. फारच शांत.

"आजी," वहिनीच्यानं राहवलं नाही. "मी तुम्हाला खोटं बोलले. मी पार्लरवाली नाय. मी मांजरांचे केस करते. हा कंगवा पन मांजराचाच आहे."

आजी हसली. सुपात तांदूळ हलल्यासारखी, बारीक.

"र्‍हाऊदे गो. हात हलका हाय तुजा."

वहिनीचे डोळे भरून आले. ती आणखी मन लावून विंचरू लागली.

आणि तेव्हाच तिला काहीतरी खटकायला लागलं…

मांजराच्या पाठीवर हात ठेवला की आत काहीतरी चालू असतं. श्वास असतो, ऊब असते, घरघर असते. हाताला सवय असते त्याची. इथं तिची बोटं केसांच्या मुळाशी टेकली होती, आणि आत काहीच चालू नव्हतं.

ऊब नव्हती. थंडही नव्हतं.

काहीच नव्हतं.

खोली बंद, बाहेर ऊन मी म्हणतंय, वहिनीच्या मानेवरून घाम ओघळतोय. समोरच्या पाठीवर घामाचा ठिपका नाही. इतक्या वेळात खांदे एकदाही वर-खाली झाले नव्हते.

"लवकर कर गो," आजी म्हणाली. "बाया येतील."

"कोण बाया?"

"आंघोळ घालाया. आळीतल्या सगळ्या येतील. त्यांच्या म्होरं मी अशी कशी जाऊ? मला लाज वाटतं या डोक्याची." मग थांबून म्हणाली, "माज्या पोराला पन नाव ठेवतील ना."

वहिनीचा हात जागच्या जागी राहिला.

आंघोळ घालायला आळीतल्या बायका कधी येतात…

तिच्या डोक्यात ते पूर्ण उमटायच्या आधीच वरचा पंखा कराकरा करत फिरू लागला. लाईट आली होती. बाहेरच्या पडवीत हेतलचा आवाज.

"मीना! अगं चिनू टाकीवर आहे, तू कुठं आहेस?"

वहिनीनं दाराकडे मान वळवली. "इथं आहे. आजींच्या खोलीत."

पावलं जागीच थांबली.

हेतल उंबऱ्याच्या पलीकडे उभी. तोंड पांढरंफटक. आत यायला तयार नाही.

"कुणाच्या…?"

वहिनीनं परत पुढे पाहिलं.

पुढे कुणी नव्हतं.

फरशीवर मक्याचं पीठ पडलेलं होतं. भरपूर. वहिनीच्या गुडघ्यांच्या दोन जागा सोडल्या, तर सगळीकडे सारखं. जिथं आजी बसली होती, तिथंही. तिथं तर सगळ्यात जाड थर होता. बोटसुद्धा लागलेलं नाही.

आणि वहिनीच्या कंगव्यात केस होते.

पांढरे. हातभर लांब.

चिनू तपकिरी होती हो…

हेतल तिथंच उंबऱ्यात खाली बसली. ओरडली नाही, पळाली नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग जे सांगितलं ते तिनं वहिनीकडे न बघता सांगितलं.

त्या तिच्या सासूबाई. गीताबाई. दिवाळीच्या तोंडावर गेल्या. पुढे दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटोही लागला होता. पाय मोडल्यापासून त्याच खोलीत. पाहुणे आले की सरकत सरकत दिवाणखान्यात यायच्या, लुगडं फिटलेलं, अंगाला वास. भगीरथशेठना लोकांसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग कडी लागली. जेवण आत जायचं, ताट बाहेर यायचं. बाकी सगळं उद्यावर.

"मी रोज म्हणायचे, उद्या यांचं डोकं विंचरू. खरंच म्हणायचे गं." हेतलचा आवाज फुटला. "गेल्या तेव्हा बायका यायच्या होत्या आंघोळीला. ते डोकं त्यांनी पाहिलं असतं तर… मी चिनूची कात्री आणली. सगळं कापून टाकलं. वेडेवाकडे कापले. परसात पुरले. आणि बायकांना सांगितलं, उवा झाल्या होत्या म्हणून आधीच कापलेले."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

"लपव ते," हेतल कुजबुजली. "आधी लपव. ते आले."

वहिनीला उठता आलं नाही. भगीरथशेठ सरळ मागच्या बाजूनं आले. आडदांड माणूस, अंगावर क्रशरची धूळ. बायको उंबऱ्यात बसलेली, आईच्या खोलीत परकी बाई, तिच्या हातात कंगवा. त्यांची नजर कंगव्यावर गेली.

ते विचारणार होते. तोंड उघडलंही. पण प्रश्न आलाच नाही. लहानपणापासून पाहिलेले केस माणूस ओळखत नसेल का?

मग त्या एवढ्या मोठ्या माणसानं मान खाली घातली आणि तो आल्या पावली मागे फिरला. जीप चालू झाल्याचा आवाज मात्र कितीतरी वेळ आला नाही. तो आत नुसता बसून राहिला असणार.

वहिनी सापगावला कशी पोचली ते तिचं तिलाच आठवत नाही. तो कंगवा ती तिथंच टाकून आली होती. पडल्या पडल्या तिला ताप भरला, आणि हा ताप खोटा नव्हता.

ताप उतरला, तसे भगीरथशेठ आमच्या दारात उभे.

सकाळची वेळ. ओट्यावर आई तांदूळ निवडत होती, सोबत हिरीकाकू. भगीरथशेठनी पाणीसुद्धा घेतलं नाही. विचारलं, "ती मांजराचे केस करायला येते, ती मीना इथंच राहते ना?"

आईचा हात सुपात थांबला. हिरीकाकूचे डोळे मोठे झाले.

वहिनी दारातच उभी होती. आत पळाली असती तर मी समजू शकले असते. पण ती पुढे आली. "हो. मीच. मी मांजरांचेच केस करते," ती म्हणाली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

भगीरथशेठ आवाज खाली आणून म्हणाले, "एकदा ये. आई रोज दुपारी हाक मारते. ती आली का, विचारते. हेतल माहेरी जायला निघालीय. मी हात जोडतो."

"मी नाय येणार, दादा," वहिनी म्हणाली. "ती माझी आई नाय. तुम्ही विंचरा."

"मला…" त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. "मला तिच्यासमोर जायची लाज वाटते. जिवंत होती तेव्हा गेलो नाय. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

ते खाली मान घालून गेले.

हिरीकाकू उठून तडक आळीत गेली. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं होतं. पोरं वहिनीला बघून म्याव म्याव करू लागली. आई दिवसभर तिच्याशी बोलली नाही. मला वाटलं, आता घरात भांडण पेटणार. रात्री जेवणं झाल्यावर आईनं वहिनीला जवळ बोलावलं, तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून ओरखडे पाहिले, आणि त्यांना खोबरेल लावत बसली. तेवढंच.

पुढे पौषात म्हशाची जत्रा आली. दरवर्षी जातो तशा आम्ही गेलो, वहिनी आणि मी. घोंगडी घेतली, खाजा घेतला, दुपारी परतीला लागलो. बंगल्याच्या फाट्यावर एस.टी. थांबली आणि वहिनी एकदम उठली.

"काजल, उतर."

"वहिनी, नको."

"मला बघू दे. नाय बघितलं तर मला झोप लागायची नाय कधीच."

उतरलो. बंगल्याचं फाटक उघडं होतं. चिनू कुंपणाच्या भिंतीवर पसरली होती. तिच्या अंगावर पुन्हा गुंते झालेले, कुणी हात लावलेला दिसत नव्हता. हेतल पडवीत कपडे धूत होती. म्हणजे ती माहेरी गेली नव्हती. आम्हाला पाहून ती उठली नाही, ओळख दाखवली नाही. तिनं फक्त मान हलवून मागच्या खोलीकडे खूण केली आणि परत कपडे आपटू लागली.

खोलीची खिडकी उघडी होती. दारही उघडं.

आम्ही खिडकीशी गेलो.

आत भगीरथशेठ फरशीवर मांडी घालून बसले होते. अंगावर तेच क्रशरचे धुळीचे कपडे. हातात साधा लाकडी कंगवा. बाजूला तेलाची वाटी.

समोर कुणी नव्हतं.

कंगवा हवेत वरून खाली येत होता. एका जागी आला की अडकायचा… खरंच अडकायचा, हात पुढे जायचाच नाही. मग ते डाव्या हाताच्या बोटांनी तिथं काहीतरी सोडवायचे. हळूच, जपून. आणि कंगवा परत खाली यायचा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसत नव्हते.

माझ्या पायाखाली वाळकं पान वाजलं.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला उघडं-वाघडं असताना कुणी पाहावं, तसा तो चेहरा झाला. पण ते उठले नाहीत. समोरच्या रिकाम्या जागेकडे वाकून हलकेच म्हणाले,

"कोन नाय गो आई. बाहेरच्या बाया हायेत."

आणि मग…

त्यांनी तळहात पुढे केला. हवेत, खांद्याच्या उंचीला. आणि हळूच एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवला. केस करताना कुणी मागे वळून पाहिलं की आपण त्याचं डोकं परत सरळ करतो, तसा.

म्हणजे तोपर्यंत ते डोकं वळलेलं होतं.

आमच्याकडे.

आम्ही पळालो नाही. पळायला भीती लागते. आम्हाला दोघींनाही दुसऱ्याच्या घरात चोरून डोकावल्याची लाज वाटली, इतकी की खिडकीपासून फाटकापर्यंत आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. मी माघारी वळून पाहणार होते. वहिनीनं माझा दंड घट्ट धरला.

त्यानंतर मी त्या रस्त्यानं गेलेली नाही. बंगल्यात आता कोण राहतं, विचारलेलं नाही.

मला त्या खिडकीतून ती आजी दिसली नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

पण तिला मी दिसले असेन…